दुसऱ्या हाफातला उजवा पाय

आमच्या घरात दिवस उजाडायचा तो चाक फिरल्याच्या आवाजाने. पुढच्या खोलीत बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही. सायकल उलटी उभी करायची, चाक गरागरा फिरवायचं, कान लावून ते कुठे घासतंय हे ऐकायचं आणि मग चावीने एखादी तार आवळायची, तिच्या समोरची सैल करायची, पुन्हा फिरवायचं. याला रिंगचा आऊट काढणं म्हणत. एका चाकाला बाबा आरामात अर्धा तास देत. गिऱ्हाईक उभं राहून कंटाळायचं, पानठेल्यावर जाऊन यायचं, तरी चाक फिरतच असायचं. मला ते बघवत नसे. माझ्या अंगात तेव्हा मुंग्या भरलेल्या होत्या. जेवताना गुडघा हलायचा, शाळेत बाकाखाली पाय हलायचे, झोपेतही मी लाथा झाडते अशी आईची तक्रार होती. "या पोट्टीले एका जागी बसवाले खुंटा लागते," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. घरभर रबर सोल्यूशनचा वास आणि त्यात तिच्या फोडणीच्या वरणाचा वास मिसळलेला असायचा. आजही पंक्चरच्या दुकानावरून गेले की मला भूक लागते.

मुलींचा फुटबॉल संघ अमरावतीत तेव्हा कुणाला हवा होता असं अजिबात नाही. झालं ते माझ्या पायांमुळे. दुकानात पडलेली प्रत्येक वस्तू मी लाथाडायची. जुनी सीट, तेलाचा डबा, एकदा तर गिऱ्हाइकाची पिशवी. वैतागून बाबांनी एक फाटका चेंडू शिवला, त्यातल्या ब्लॅडरला ठिगळ लावलं आणि मला कापसाच्या जिनिंग कारखान्यामागच्या मैदानावर घेऊन गेले. मग गल्लीतल्या चौघीजणी आल्या, मग शाळेतल्या, आणि दोन वर्षांत आम्ही चौदा झालो. काळ्या मातीचं मैदान ते. उन्हाळ्यात भेगांत पाऊल अडकायचं आणि पावसाळ्यात एकेका पायाला दोन-दोन शेर चिखल चिकटायचा. मैदान एका मंडळाचं होतं आणि संध्याकाळचा एक तास मंडळाने आम्हाला दिलेला होता. त्या एका तासासाठी मी उरलेले तेवीस कसेबसे काढायची.

बाबांचा एक नियम होता आणि त्या नियमामुळे आमचं गावभर हसं झालं होतं. पहिला हाफ मनाला येईल तसा खेळायचा. दुसऱ्या हाफात प्रत्येकीने उजव्या घोट्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी बांधायची आणि चेंडू फक्त डाव्या पायाने खेळायचा. सरावात तर होतंच, पण खऱ्या मॅचमध्येसुद्धा, समोर कुणीही असो. शिवाय आलेल्या प्रत्येक मुलीला निदान एक हाफ खेळायला मिळालाच पाहिजे. परिणाम व्हायचा तोच व्हायचा. पहिल्या हाफात आम्ही दोन गोलने पुढे आणि शेवटी तीन गोलने मागे. पानठेल्यावर लोक म्हणत, "नामदेवभाऊची मॅच पाहायची असन तं पयला हाफ पाहा अन् घरी चाला." बाबा हे ऐकून हसायचे आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. गोल मारणारी मी होते. माझ्या उजव्या पायाचा फटका बसला की गोलकीपर बाजूला व्हायच्या. आणि हाच माणूस, माझा सख्खा बाप, माझ्या त्या पायाला पट्टी बांधायचा.

कारण त्यांनी एकदाच सांगितलं होतं, तेही चाक फिरवता फिरवता. तरुणपणी ते स्वतः चांगले खेळायचे. उजवा गुडघा गेला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला दुसरा पाय कधी नव्हताच. "एका बाजूच्या तारा ताठ अन् दुसऱ्या ढिल्या, तं चाक पळते," ते म्हणाले, "पण डुलत पळते. अन् मंग एक दिवस बसते." मी विचारलं, मग आधी जिंकू, तारा नंतर ओढू, असं का नाही? ते म्हणाले, "नंतर कोनी ओढत नाही."

संघात कुसुम नावाची मुलगी होती. ती भातकुलीची, शाळेसाठी अमरावतीला मावशीकडे राहायची. आली तेव्हा तिला धड पळताही येत नव्हतं. चेंडू लागला तर चेंडूचीच माफी मागेल अशी. पण तिच्यात एक गोष्ट होती जी माझ्यात नव्हती, ती म्हणजे धीर. आम्ही घरी निघालो की ती जिनिंगच्या भिंतीवर डाव्या पायाने चेंडू मारत थांबायची. भिंतीवर तिने कोळशाने एक खूण केली होती. वर्षभराने तिचा डावा पाय असा झाला, की तिचा पास जमिनीला चिकटून, आवाज न करता, नेमका पुढच्या मुलीच्या पायाशी यायचा. जोर नव्हता, वेग नव्हता. मला तर तो पास म्हणजे वेळ घालवणंच वाटायचं. बाबा मात्र सगळं सोडून तो पास बघत उभे राहायचे. मला याचा हेवा वाटायचा हे आता कबूल करायला हरकत नाही.

मग एका दुपारी मंडळाचे अध्यक्ष दुकानात आले. सगळे त्यांना दादासाहेब म्हणत. ते स्टुलावर बसले, बाबांनी मागवलेला चहा प्यायले आणि म्हणाले, "नामदेवभाऊ, तीन वर्षं झाले. एक कप नाही आनला तुमी. कबड्डीवाले पोट्टे जागा मांगून राहिले. औंदा अकोल्याहून कप आना, नाही तं मैदान मोकळं करा." बाबा म्हणाले, "बरं." एवढंच, आणि पुन्हा चाक फिरवायला लागले. मी दाराआड होते. माझा तो एक तास, तो या माणसाने 'बरं' म्हणून सोडून दिला होता.

त्या संध्याकाळी आईने कच्चा चिवडा केला होता. मुरमुऱ्यांवर कच्चं तेल, कांदा, हिरवी मिरची. माझं एरवीचं आवडतं, पण मी नुसता कांदा वेचत बसले. मी म्हटलं, "बाबा, एकच मॅच. अकोल्याची. दोन्ही हाफ उजव्याने खेळू द्या."

"अन् कुसुम?"

"कुसुमचं काय?"

"ते पोट्टी सालभरापासून डावा घासून राहिली. दुसरा हाफ तिचा आहे. तिले कवा खेळवू मंग?"

"मैदानच गेलं तर तिला शिकवणार कुठे?"

बाबांनी ताटातले मुरमुरे एका कडेला सारले. म्हणाले, "रस्त्यावर शिकवीन." आई म्हणाली, "दोघंही जेवा आधी. मैदान काही पयून नाही चाललं." मी ताट सरकवून उठले. आता मी त्या वेळच्या बाबांपेक्षा वीस वर्षांनी मोठी आहे, आणि माझा तो प्रश्न मला अजूनही बरोबर वाटतो. गोम तिथेच आहे. प्रश्न चुकीचा असता तर ही सगळी हकीकत मी केव्हाच विसरले असते.

अकोल्याला आम्ही बाराजणी बडनेऱ्याहून पॅसेंजरने गेलो. आईही आली, कारण अकोला तिचं माहेर. माझा मामा त्या स्पर्धेच्या आयोजकांत होता, आणि बहिणीच्या नवऱ्याला मिरवायची संधी तो सोडणार नव्हता. स्टेशनवरच त्याने बाबांच्या हातातली पिशवी काढून घेतली. "भाऊजी, आज तुमी कोच नाही, अकोल्याचे जावई!" बाबा कसनुसे हसले. सकाळची पहिली मॅच आम्ही कशीबशी काढली. समोरचा संघ इतका कच्चा होता की आमच्या डाव्या पायालाही भारी पडला नाही. संध्याकाळी अकोल्याच्याच मुलींशी शेवटची लढत होती. मैदानाच्या एका बाजूला मंडप, खुर्च्या, माइक. दुसऱ्या बाजूला, लिंबाच्या सावलीत, कुसुमचे आई-वडील बसले होते. भातकुलीहून दोन बस बदलून ते मुलीचा खेळ बघायला आले होते. तिच्या आईच्या मांडीजवळ फडक्यात बांधलेली मोठी डेगची होती.

पहिल्या हाफात मी एक गोल मारला. पुढे होतो, पण अकोल्याच्या मुली दमदार होत्या आणि मला कळत होतं की दुसऱ्या हाफात त्या आम्हाला धुऊन काढणार. शिट्टी झाली. बाबा पिशवी घेऊन आमच्याकडे यायला निघाले तोच माइकवरून मामाचा आवाज आला, "अमरावतीचे प्रशिक्षक आणि आपल्या अकोल्याचे जावई नामदेवराव यांनी सत्कारासाठी मंचावर यावं." बाबांनी हातानेच नको नको केलं. दोन कार्यकर्ते येऊन त्यांना धरूनच घेऊन गेले. जाता जाता पिशवी त्यांनी माझ्या हातात दिली. "पट्ट्या बांधा. मंगल बाहेर, कुसुम आत. मी आलोच."

जावयाचा सत्कार आमच्याकडे दोन मिनिटांत उरकत नाही. टोपी, उपरणं, हार, नारळ, आणि मग पाहुण्यांची भाषणं. तेवढा वेळ माझ्या हातात आयता आला. खोटं बोलायचं हे मी आधी ठरवलं नव्हतं, पण पिशवी हातात आल्याबरोबर माझे पाय हलायचे थांबले, हे मला स्वच्छ आठवतं. मी म्हटलं, "बाबांनी सांगितलंय, आज पट्ट्या नाहीत. दोन्ही हाफ उजवा. आहे तीच टीम."

गोलकीपर नसीम डोळे बारीक करून म्हणाली, "भाऊनं सांगतलं? खरंच?"

"मग मी काय मनाचं सांगते का?"

कोचची मुलगी मी, कप्तानही मीच. पुढे कुणी काही विचारलं नाही. कुसुम आपली पट्टी नेहमी स्वतःजवळच ठेवायची आणि तिने ती बांधूनही टाकली होती. वाकून गाठ नीट करता करता तिने वर पाहिलं. "मंग मी?"

"तू बस. पुढच्या वेळी."

ती बसली. पट्टी तशीच राहिली घोट्यावर.

सूर्य कलायला लागला म्हणून रेफरीने भाषणं संपायची वाट न बघता शिट्टी वाजवली. बाबा मंचावर, गळ्यात हार, मांडीवर नारळ. मी त्यांना आमच्या पायांकडे बघताना पाहिलं. एका घोट्यावरून दुसऱ्या घोट्यावर, मोजत असल्यासारखी नजर. ते अर्धवट उठले. मामाने त्यांचा हात धरून खाली बसवलं, "बसा हो भाऊजी, पाहुणे बोलून राहिले." आणि बाबा बसले. अख्खा हाफ ते तो नारळ धरून बसून होते. अकोल्याने एक गोल फेडला. शेवटी शेवटी मंगलने उंच दिलेला चेंडू माझ्या उजव्या पायावर आला आणि मी तो असा हाणला, की जाळी नसलेल्या गोलातून तो मागच्या रस्त्यावर गेला. जिंकलो. खोटं कशाला बोलू, एवढा आनंद मला पुढे नोकरी लागली तेव्हा झाला नाही, लग्नात झाला नाही. मी मैदानभर ओरडत पळाले. आई मंडपात रडत होती आणि सगळ्या माहेराला हाताने मला दाखवत होती.

कप घेऊन मी मंचावरून उतरले तोवर कुसुमची आई मैदान ओलांडून आमच्यापर्यंत आली होती. तिने डेगची सोडली. गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, तूप. सगळ्या मुलींना पुरेल एवढं. पहिला रोडगा कुस्करून, तुपात बुडवून तिने कुसुमला भरवला आणि विचारलं, "तू कोन्ती होती व? मले तं साऱ्या निळ्या पोट्ट्या सारख्याच दिसे. मी ह्याईले म्हटलं, ते पयते ते आपली कुसुम. ते होती ना?"

कुसुमने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मग ती म्हणाली, "मी मांगं होती, आई."

"मांगं काहून? बरं, मांगचं बी कोनी पाहाले पाह्यजे," असं म्हणून तिने दुसरा घास केला आणि तो माझ्या तोंडाजवळ आणला. "घे बाई. तू कप्तान ना. माया पोरीले सांभाळून घेतलं तुनं." मी तोंड उघडलं.

तेवढ्यात बाबा आले. हार काढलेला होता, टोपी डोक्यावर तशीच होती. त्यांनी सगळं ऐकलं असावं. ते म्हणाले, "वहिनी, तुमची पोरगी आज खेळली नाही. तिचा हाफ होता, तो आमच्या घरच्या मानसानं खाल्ला. पन तुमी इतक्या दुरून आल्या, तं पाच मिनिटं बसा."

कुसुमची आई गडबडली. "जाऊ द्या ना भाऊ, पोरीपोरीतलं ते," ती म्हणाली. पण बाबांनी चेंडू मागवलाच होता. मंडपाचे खांब काढायला सुरुवात झाली होती, खुर्च्या एकावर एक चढत होत्या. त्यांनी नसीमला पलीकडे उभं केलं, कुसुमला अलीकडे आणि मला मध्ये. "कुसुम, चेंडू नसीमले दे. शालू, तू अडव. अन् सोडू नको तिले. जोर लाव."

मी जोर लावला. पहिल्यांदा मी तिच्या पायातून चेंडू काढून घेतला. दुसऱ्यांदाही. कुणी टाळी वाजवली नाही. खुर्च्या उचलणारे दोघं थांबून बघायला लागले. तिसऱ्यांदा तिने उजवीकडे अंग टाकलं, मी फसले, आणि तो तिचा पास, जमिनीला चिकटून, माझ्या बाजूने निघून नसीमच्या पायाशी जाऊन थांबला. चौथ्यांदाही. पाचव्यांदाही. मी चिडून तिच्या अंगावर गेले आणि तरी चेंडू गेला. तिच्या आईचे हात तुपाने माखलेले होते. ती मनगटांवर मनगट आपटून टाळ्या वाजवत होती. माझ्या हातात दहा मिनिटांपूर्वी कप होता, आणि मला त्या मैदानातल्या एखाद्या भेगेत शिरावंसं वाटत होतं.

परतीच्या गाडीत मी कुसुमशेजारी जाऊन बसले. मूर्तिजापूर येईपर्यंत शब्द जुळवत होते. शेवटी म्हटलं, "कुसुम, चुकलं माझं."

ती म्हणाली, "हो."

संत्र सोलत होती. अर्धं तिने नसीमला दिलं.

बाबांनी मला मारलं नाही, घरी आल्यावर बोललेही नाहीत त्यावर. दुसऱ्या दिवशी त्यांनी दादासाहेबांना दुकानात बसवून खरं काय ते सांगितलं, की हा कप आपल्या शिकवण्याने आलेला नाही. दादासाहेब खदाखदा हसले. "कप आला ना? मंग मैदान तुमचं." कप त्यांच्या बैठकीत गेला आणि मैदानाचा तास आम्हाला आणखी चार वर्षं मिळाला. त्या चार वर्षांत कितीतरी मुली दोन्ही पायांनी खेळायला शिकल्या. माझ्या खोट्यावर शिकल्या. मी हे अनेकदा मनात उलटंसुलटं करून पाहिलं आहे आणि ते कुठल्याच बाजूने बसत नाही. मध्यंतरी आमच्या घरामागे दिवे लावलेलं हिरवं टर्फ झालं. संध्याकाळी फिरायला जाते तेव्हा जाळीला तोंड लावून बापमंडळी आठ वर्षांच्या मुलांवर ओरडत असतात, मार, मार, पास नको देऊ, मार. एकाला मी म्हटलं, अहो, त्याला चुकू द्या जरा. तो म्हणाला, "मावशी, तुम्हाला फुटबॉल समजते का?" मी म्हटलं, थोडंसं.

कुसुम अकोल्याहून आल्यावर दुसऱ्याच दिवशी सरावाला आली. सगळ्यांच्या आधी आली. पुढची दोन वर्षं ती आमच्या संघात खेळली, आणि बाबांच्या हाताखाली तिच्यासारखी खेळाडू पुन्हा झाली नाही. आम्ही बहुतेक मॅचेस हरतच राहिलो. माझ्याशी ती बोलायची, हसायची, डब्यातलं लोणचं द्यायची. पण खेळताना मी कितीही मोकळी असो, गोलसमोर एकटी उभी असो, हात वर करून तिच्या नावाने ओरडत असो, ती मान वर करायची, मला नीट बघायची आणि चेंडू दुसरीला द्यायची. दोन वर्षांत तो पास मला एकदाही मिळाला नाही. बाबा रेषेवर उभे राहून प्रत्येकीची प्रत्येक चूक ओरडून सांगत. कुसुमला याबद्दल ते कधीच काही बोलले नाहीत.